वाचकांचे प्रश्न : हरिहर चढणाऱ्याला बेअर क्रीक जमेल का?

प्रश्न : जुलैअखेर मुलाकडे डेन्व्हरला जातोय. कोलोराडोतल्या यूरे गावाजवळ जुन्या खाणींकडे जाणारी बेअर क्रीकची घळ करायची आहे. वय ५८. हरिहर, अंजनेरी नेहमीचे आहेत. तेवढा सराव पुरेल? (एक वाचक, नाशिक रोड)

उत्तर : पाय तयार आहेत, दम तयार करावा लागेल. यूरे गावच ७,८०० फुटांच्या आसपास, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून सुमारे २,४०० फूट उंच. ती सवय इथल्या सरावाने लागत नाही. डेन्व्हरला दोन-तीन दिवस, मग यूरेला दोन मुक्काम करूनच निघा. रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. वाटेत डोकं दुखून मळमळू लागलं, तर थेट खाली उतरायचं.

वाट हमरस्त्यावरच्या बोगद्याच्या डोक्यावरून जाते. सुरुवातीची वळणं पाटीच्या दगडाच्या सुट्या चकत्यांवरून आहेत. आपला कोरडा कातळ बूट धरतो, या चकत्या मात्र एकमेकींवरून सरकतात. पावलं आखूड टाका, तळवा पूर्ण टेका. उतरताना टाच रोवायला गेलात की घसरलात. पुढे खाणवाल्यांनी सुरुंग लावून कड्यात कोरलेली अरुंद पट्टी लागते. हरिहरच्या पायऱ्यांना हातासाठी खोबण्या आहेत, इथे कठडाही नाही. काठीचा पट्टा मनगटातून काढा आणि समोरून कुणी आलं तर भिंतीकडे सरकून थांबा.

ग्रिझली बेअर खाण सुमारे ४ किलोमीटरवर, यलो जॅकेट पावणेसातवर. पहिल्यांदा जाणाऱ्याने ग्रिझलीवरून परतावं, असं आमचं स्पष्ट मत. उन्हाळ्यात तिथे दुपारी विजांचा कडकडाट असतो. म्हणून सहाला निघा आणि बारापर्यंत गाडीशी या. माणशी तीन लिटर पाणी वाहून न्या. खाणीतून झिरपणाऱ्या पाण्यात जड धातू असू शकतात. ते उकळून जात नाहीत, साध्या फिल्टरनेही नाही.

प्रश्न : खाणीच्या आत डोकावता येतं का? आठवण म्हणून एखादा गंजका खिळा आणला तर?

उत्तर : दोन्ही नको. आत प्राणवायू कमी असू शकतो, टेकू कुजलेले असतात आणि अंधारात खाली उभी विहीर असली तरी दिसत नाही. बॉयलर, यंत्रं, कोसळलेली लाकडं बाहेरूनच पाहा. परिसर राष्ट्रीय वनाचा आहे. सरकारी जमिनीवरचे असे जुने अवशेष उचलणं तिथे गुन्हा ठरतो, खिळासुद्धा.