वासाने डोकं उठतं, हे मनाचं असतं का?

पंचवटीतलं कुटुंब. ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत. वाद धुपावरून पेटला होता. सासूबाईंनी संध्याकाळी धूप घातला की सून खोलीचं दार लावून घेई. "आईंना वाटतं मला देवाधर्माचं वावडं आहे," ती म्हणाली. नवऱ्याचं म्हणणं, "लग्नानंतर दोन-तीन वर्षं काही नव्हतं. हिने मनावर घेतलंय."

हा प्रश्न माझ्याकडे बऱ्याच जणी आणतात. उत्तर सरळ आहे: हे नाटक नाही. अर्धशिशीत उजेड आणि आवाजासारखाच वासही असह्य होतो. ताणाच्या डोकेदुखीत असं क्वचितच होतं, म्हणून निदानाला हा धागा उपयोगी पडतो. निदान करणं मात्र माझं काम नाही, त्यामुळे तिला आधी न्यूरोलॉजिस्टकडे पाठवलं. अर्धशिशीच निघाली. (आसपास काही नसताना जळका वास येत असेल, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच डोकं दुखू लागलं असेल, तर आधी डॉक्टरच गाठा.)

डॉक्टरांनी तिला वही ठेवायला सांगितली होती. त्यातली एक नोंद: "मंगळवार. सकाळपासून जांभया, मान आखडली. कांद्याची फोडणी नको झाली. दुपारी उजवं कानशील ठणकायला लागलं." आणि त्याच आठवड्यात ती रामकुंडावर गोदावरीच्या आरतीला उभी होती, धूप-कापराच्या धुरात, आणि डोकं शांत! म्हणजे वासाने डोकं उठतंच असं नाही. कधी कधी दुखणं सुरू व्हायच्या काही तास आधीच नाक तिखट होतं आणि आळ धुपावर येतो. अत्तर, सिगारेटचा धूर, पेट्रोल यांनी खरोखरच दुखणं सुरू होणारेही असतात, पण ते वही लिहिल्याशिवाय कळत नाही. वहीत आणखी एक गोष्ट सापडली. दिवसाआड वेदनाशामक गोळी. महिन्यात दहा-पंधरा दिवस आणि महिनोन्‌महिने असं चाललं, तर गोळ्याच डोकेदुखी वाढवतात.

मग सासूबाईंना बोलावलं. चष्मा लावून त्यांनी वही वाचली. "अगं, तुला कांदासुद्धा नको होता? मला वाटलं माझा धूप तेवढा नकोय."

आता सुनेने सकाळी "मान धरलीय" म्हटलं की त्या दिवशी देवापुढे नुसतं निरांजन, आणि फोडणी नवरोबांकडे. त्यांच्या बॉडी स्प्रेवरून मात्र अजून वाटाघाटी चालू आहेत.