वाचकांचे प्रश्न : 'हायडी' म्हणजे कुलीन की माळरान?

प्रश्न : माझी सून जर्मन आहे. नात पुण्यातच झाली, तिचं नाव 'हायडी' ठेवायचं म्हणतायत. नेटवर अर्थ मिळतो 'कुलीन'. जर्मनच्या क्लासला जाणारा भाचा म्हणतो, 'हायडे' म्हणजे माळरान. खरं काय? जन्मदाखल्यावर कसं लिहायचं?
– एक आजी, कोथरूड

उत्तर : भाच्याचा शब्द बरोबर, पण त्याचा या नावाशी संबंध नाही. हायडी हे 'आडेलहाइट' या जुन्या नावाचं लाडाचं रूप. जर्मानिक नावं बहुधा दोन शब्द जोडून होत. इथे 'आडाल' म्हणजे कुलीन, खानदानी आणि 'हाइट' म्हणजे प्रकार, स्थिती, दर्जा. हा 'हाइट' भाच्याला रोज भेटत असणार : फ्रायहाइट (स्वातंत्र्य), क्रांकहाइट (आजारपण). 'हाइट'ने संपणारी नामं स्त्रीलिंगी, हा नियम क्लासात घोकून घेतात तोच.

आता नेटवरच्या अर्थाचं. 'कुलीन' हा अर्थ आहे पहिल्या तुकड्याचा आणि हायडीत नेमका तोच गळालाय. रत्नमालेला नुसतं 'माला' म्हटलं की रत्न जातं, तसं. तो तुकडा 'आडेला', 'आडेले' या नावांत उरला. तेव्हा बारशाला अर्थ सांगायचा तर पूर्ण नाव सांगून सांगा. योहाना श्पिरी या स्विस लेखिकेच्या 1880च्या कादंबरीतली हायडीसुद्धा मुळात आडेलहाइटच. फ्रांकफुर्टच्या घरातली शिस्तप्रिय बाई तिला त्याच नावाने हाक मारते.

दाखल्याचं म्हणाल तर अर्जावर देवनागरी आणि रोमन, दोन्ही स्पेलिंगं स्वतःच्या हाताने लिहा. जर्मनमध्ये 'ई-आय'चा उच्चार 'आय' होतो. दुसऱ्यावर सोडलंत तर 'हेदी' किंवा 'हीडी' व्हायला वेळ लागत नाही. पूर्ण नाव ठेवणार असाल, तर स्पेलिंगमधला शेवटचा 'डी' शब्दाच्या टोकाला 'ट' ऐकू येतो, म्हणून आडेलहाइट. हायडीत मात्र 'ड'च. घाई नाही : जन्माची नोंद वेळेत झाली असेल, तर नाव 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं, पुढे विलंब शुल्क भरून. एकदा घातलेलं बदलणं मात्र जिकिरीचं. सुनेच्या माहेरी नामदिन (आपल्या नावाच्या संताचा दिवस) पाळत असतील, तर तो 16 डिसेंबर. सम्राट पहिल्या ओटोची राणी, 999 साली वारलेली संत आडेलहाइट, तिचा हा दिवस.

प्रश्न : 'अ‍ॅलिस' ग्रीक ना? अर्थ 'सत्य'?
– एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : नाही. ग्रीक 'अलेथिया'शी (सत्य) हे नातं नुसत्या ध्वनिसाम्यावरून जोडलं जातं. अ‍ॅलिस म्हणजे वरचीच आडेलहाइट, फ्रान्समार्गे आलेली. जुन्या फ्रेंचमध्ये 'आदेलाइस' झालं, मग दोन स्वरांमधला 'द' गळून 'आलिस', आणि तेच इंग्रजीत गेलं. ऑस्ट्रेलियातलं अ‍ॅडलेड शहरही याच नावाचं : 1836 साली वसवताना ब्रिटनचा राजा चौथ्या विल्यमच्या जर्मन राणीवरून ठेवलेलं.