व्हॅसोटोसिनला ‘लघवी कमी करणारं संप्रेरक’ म्हटलं तर चालेल का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. पेपरात व्हॅसोटोसिनचं, म्हणजे बेडूक, पक्षी, मासे यांच्या पिट्यूटरीतून रक्तात येणाऱ्या संप्रेरकाचं, काम ‘मूत्रपिंडात पाणी राखणं’ एवढंच लिहिलं तर चालेल का, आणि ते व्हॅसोप्रेसिनचंच, म्हणजे सस्तन प्राण्यांतल्या पाणी राखणाऱ्या संप्रेरकाचंच, दुसरं नाव आहे का. दोन्हींचं उत्तर नाही. थोडं तावातावानं लिहितेय, कारण याच एका वाक्यावरून माझे प्रॅक्टिकलचे मार्क गेले होते.

१९८४, टीवायला होते. आमच्या सरांनी मला एक छोटा प्रोजेक्ट करू दिला. वर्गाच्या डिसेक्शनसाठी पावसाळ्यात बुलफ्रॉग यायचेच. त्यांची डोकी फेकून देण्याआधी मी टाळूचं हाड उचलून पिट्यूटरी, म्हणजे मेंदूच्या तळाची संप्रेरकांची ग्रंथी, काढून घ्यायची. मोहरीएवढी फिकट गुलाबी गाठ, चिमट्याने जरा जोरात धरली तर फुटायची. पाच गाठी सलाइनमध्ये वाटल्या आणि तीन बेडकांना टोचल्या. दुसऱ्या तिघांना नुसतं सलाइन. त्याआधी प्रत्येकाचं पोट हलकं दाबून मूत्राशय रिकामं केलं, पंचाने अंग टिपलं, कापडी पिशवीत घालून वजन घेतलं. मग सगळ्यांना ट्रेमध्ये सोडलं. पाणी इतकंच, की पोट आणि मांड्या भिजाव्यात, तोंड वरच राहावं.

टोचलेल्यांपैकी एकाचं वजन ११२ ग्रॅम होतं. दोन तासांनी पुन्हा टिपून मोजलं तर १२४. तराजू बिघडला असेल म्हणून तिन्हीची वजनं दोनदा केली. सलाइनवाल्यांत एखाद्या ग्रॅमचा फरक. आणि ज्याचं वजन वाढत होतं तो बेडूक मागचे पाय फाकवून, पोटाचा खालचा भाग ट्रेला घट्ट चिकटवून बसला होता. मला ते दृश्य आजही स्पष्ट दिसतं.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी जर्नल चाळलं आणि म्हणाले, “पाणी प्यायला असेल. हे संप्रेरक मूत्रपिंडावर काम करतं, कातडीवर नव्हे.” मी म्हटलं, सर, बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. त्यांनी जर्नल मिटलं. वीसपैकी नऊ मिळाले.

पुढे एम.एस्सी.ला असताना ग्रंथालयात कळलं की हाच परिणाम फ्रिट्झ ब्रुन याने १९२१ मध्ये नोंदवला होता. पाठ्यपुस्तकांत त्याला ‘ब्रुन इफेक्ट’ म्हणतात. बेडकाच्या ओटीपोटाची आणि मांड्यांच्या आतल्या बाजूची कातडी पातळ असते, तिथे रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. व्हॅसोटोसिन तिथल्या पेशींवर बसलं की आत सायक्लिक एएमपी, म्हणजे पेशीतला निरोप्या रेणू, वाढतं, पेशीत साठवलेली अॅक्वापोरिन, म्हणजे पाण्याच्या वाटा, पृष्ठभागावर येऊन बसतात आणि पाणी रक्तात शिरतं. मूत्राशयातही हेच घडतं. बेडकाची लघवी पातळ असते, ती मूत्राशयात साठलेली असते, कोरडं पडलं की तेच पाणी रक्तात परत घेतलं जातं. मूत्रपिंडात गाळणंच कमी होतं. बेडकाच्या मूत्रपिंडात हेन्लेचा वळसा, म्हणजे लघवी दाट करायला लागणारी वळलेली नळी, नसतो, त्यामुळे रक्तापेक्षा दाट लघवी त्याला करताच येत नाही. मग त्याच्यासाठी एकट्या मूत्रपिंडाच्या जोरावर पाणी टिकवण्याची भाषा कशी चालेल? ती भाषा सस्तन प्राण्यांवरून उचललेली आहे, आणि माझा राग तिच्यावरच आहे.

बाकीचं थोडक्यात. कोंबडीत अंडं घालायच्या वेळी रक्तात व्हॅसोटोसिन झपकन वाढतं आणि कवच ग्रंथी, म्हणजे अंडं सुमारे वीस तास जिथे थांबतं तो भाग, आकुंचन पावते. तिचं पाणी राखायचं कामही तेच संप्रेरक करतं. ओरेगॉनमधल्या खरबरीत कातडीच्या न्यूटमध्ये, म्हणजे शेपटीवाल्या उभयचरात, नराला ते टोचलं की तो मादीला कवळ घालतो. काही बेडकांत नराचं डराव डराव वाढतं. माशांत मात्रेनुसार लघवी कमीही होते, वाढतेही, कारण रक्तदाब चढला की गाळणं वाढतं. लॅम्प्रेसारख्या जबडा नसलेल्या प्राण्यांत या कुळातलं एवढं एकच संप्रेरक सापडतं. म्हणूनच ऑक्सिटोसिन आणि व्हॅसोप्रेसिन ही पुढे जनुक दुप्पट होऊन फुटलेली शाखा मानतात.

नावाचं तर सरळ आहे. नऊ अमिनो आम्लांची साखळी: कड्याचा भाग ऑक्सिटोसिनचा, शेपटी व्हॅसोप्रेसिनची. व्हॅसोप्रेसिनपासून तिसऱ्या जागी फरक, ऑक्सिटोसिनपासून आठव्या. कॅट्सोयानिस आणि द्यु व्हिन्यो या रसायनशास्त्रज्ञांनी ते १९५८ मध्ये प्रयोगशाळेत बनवलं, निसर्गात सापडलं नंतर. द्यु व्हिन्यो यांना त्याआधी १९५५ मध्ये नोबेल मिळालं होतं, त्यात ऑक्सिटोसिनच्या संश्लेषणाचा मोठा वाटा होता.

आता जे आधीच सांगायला हवं होतं ते. टोचलेली मात्रा प्राण्याच्या स्वतःच्या मात्रेपेक्षा बरीच जास्त असते, आणि माझे तर फक्त तीन बेडूक होते. शिवाय गाठ अख्खी वाटली होती, त्यात इतर संप्रेरकंही असणारच. ब्रुन इफेक्ट सगळ्या बेडकांत सारखाही नसतो. भेकांत, म्हणजे टोडमध्ये, तो जोरदार असतो, कायम पाण्यात राहणाऱ्या झेनोपससारख्यांत अगदी कमी. सस्तन प्राण्यांत व्हॅसोप्रेसिन असतं, त्यामुळे माणसाच्या प्रश्नात व्हॅसोटोसिन घुसवू नका.

पेपरात प्राण्याचं नाव लिहिल्याशिवाय कामाचं नाव लिहू नका. बेडूक असेल तर कातडी, मूत्राशय आणि मग मूत्रपिंड, या क्रमाने. कोंबडी असेल तर अंडं आधी. परीक्षकांनी ‘मूत्रपिंड एवढंच पुरे’ म्हणून मार्क कापले तर गप्प बसू नका, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज भरा. मी भरला नव्हता, कारण तेव्हा मला ब्रुनचं नाव माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत आहे.