दाखवायचं कुणाला?

‘चित्र काढावंसंच वाटत नाही. माझ्यातली कला संपली का हो?’ समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारे गाणारे, लिहिणारे, नाचणारे सगळेच हा प्रश्न आपापल्या शब्दांत विचारतात. ही गोष्ट एका चित्रकर्तीची. त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते आहे.

पंधरा वर्षं त्यांनी पुस्तकांसाठी, जाहिरातींसाठी चित्रं काढली. शेवटची काही वर्षं रात्री-बेरात्री ‘एवढं बदलून लगेच पाठवा’ असे निरोप यायचे. त्यातच नवऱ्याचं आजारपण आणि मृत्यू. महिन्याभरात त्या कामावर परतल्या आणि चार महिन्यांनी नोकरी सोडली. माझ्यासमोर बसल्या, तेव्हा ब्रश हातात धरून सव्वा वर्ष झालं होतं.

आधी झोप, भूक, जगणं नकोसं वाटतं का, हे सगळं विचारून घेतलं. दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळपास रोज मन उदास असेल किंवा कशातच रस वाटत नसेल, तर नैराश्य आहे का हे तपासावंच लागतं. मरणाचे विचार येत असतील तर तेवढंही थांबायचं नाही. मी त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडेही पाठवलं. औषधाची गरज नाही असं त्यांचं मत पडलं.

उरला तो दोन धाग्यांचा गुंता. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत बर्नआउट हा आजार मानलेला नाही. कामाच्या ठिकाणच्या, न आवरलेल्या दीर्घ ताणाचा परिणाम असं त्याचं वर्णन आहे. त्याच्या तीन खुणा: शक्ती संपणं, कामाबद्दल तिटकारा येणं आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. बाईंमध्ये तिन्ही होत्या. दुसरा धागा दुःखाचा.

इथे माझी चूक झाली. दुसऱ्याच भेटीत मी म्हणाले, ‘त्यांच्या आठवणींचं एक चित्र काढून बघा ना.’ त्या मान डोलावून गेल्या आणि पुढचे तीन आठवडे आल्याच नाहीत. आल्यावर म्हणाल्या, ‘मॅडम, तुम्हीपण काम दिलंत.’ खरंच होतं ते. विषय दिला, अपेक्षा लादली. फक्त मुदत तेवढी दिली नव्हती.

मग ठरलं ते असं: रोज दहा मिनिटं साहित्याजवळ बसायचं. काढायलाच हवं असं नाही. काढलंच तर पाठकोऱ्या कागदावर, आणि कुणाला दाखवायचं नाही. उत्साह आला की हात चालेल, असं आपण धरून चालतो. थकलेल्या मनाचं बहुतेक वेळा उलटं असतं; हात थोडा चालला की उत्साह मागून येतो. कधी येतही नाही, पण दहाच मिनिटं तर गेलेली असतात.

पहिला आठवडा नुसते ब्रश धुण्यात गेला. रंगांच्या ट्यूबची झाकणं घट्ट बसली होती, ती कोमट पाण्यात धरून एकेक सोडवली. कोणता रंग अजून जिवंत आहे हे बघायला त्यांनी जुन्या बिलांच्या मागे पट्टे ओढले. निळ्याचे नऊ पट्टे, शेवटचा जवळजवळ पाणीच. हे सांगताना त्या हसल्या आणि लगेच रडू लागल्या.

‘मला बरं वाटलं, म्हणजे मी त्यांना विसरायला लागले का?’ मग म्हणाल्या, ‘आणि काढलं तरी दाखवायचं कुणाला? पहिलं चित्र तेच बघायचे.’

इतक्या काळात हे त्या पहिल्यांदा बोलल्या. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या मानसशास्त्रज्ञांनी 1999 मध्ये मांडलं, की शोक झोक्यासारखा असतो. माणूस कधी दुःखाकडे जातो, कधी रोजच्या जगण्याकडे, आणि सावरण्यासाठी दोन्ही फेऱ्या लागतात. हे मी सोप्या शब्दांत सांगितलं. केटे कोल्विट्झ या जर्मन कलावतीबद्दलही सांगितलं. तिचा मुलगा 1914 मध्ये युद्धात मारला गेला. त्याच्यासाठी शिल्प करायचं तिने त्याच वर्षी ठरवलं, मध्ये काम सोडून दिलं, पुन्हा हाती घेतलं. शिल्प उभं राहिलं 1932 मध्ये.

‘अठरा वर्षं!’ बाई म्हणाल्या. ‘तिला लगेच पाठवा म्हणणारं कुणी नव्हतं वाटतं.’

सहाव्या महिन्यात त्या एक गुंडाळी घेऊन आल्या. सवयीने मी हात पुढे केला. त्यांनी क्षणभर विचार केला आणि गुंडाळी परत पिशवीत ठेवली.

‘अजून नाही,’ त्या म्हणाल्या. ‘आधी घरी भिंतीवर लावून मीच बघते.’