त्वचेचा छेद : ब्लेड कोणतं, भिंग किती पटीचं?

'सगळ्यात चांगलं ब्लेड कोणतं?' हा प्रश्न दर महिन्याला येतोच. जागा कोणती आणि काढायचं काय, ते सांगा, मग ब्लेडचं बोलू.

चेहऱ्यावर ११ नंबर की १५? (इंटर्न)
१५. टोकदार ११ गळू फोडायला ठेवा. पहिले छेद सीनियर शेजारी असतानाच घ्या.

ब्लेड स्पिरिटमध्ये बुडवून पुढच्या पेशंटला चालेल?
नाही. स्पिरिटने जिवाणूंचे बीजाणू मरत नाहीत.

विक्रेता म्हणतो, ६ पटीचा लूप (चष्म्यासारखं डोळ्यांवर लावायचं भिंग) घेतला की व्रण उरत नाही.
व्रण ठरतो तो छेदाची दिशा, टाक्यांचा ताण आणि पेशंटच्या त्वचेवर. पट वाढली की दिसणारा भाग आक्रसतो, मान जरा हलली की सगळं धूसर. नेहमीच्या कामाला २.५ पट पुरते. डोळ्यापासून हातापर्यंतचं अंतर मोजून घ्या आणि आधी एखाद्या सहकाऱ्याचा लूप लावून पाहा.

वडिलांच्या तळपायावरचा काळा डाग सहा महिन्यांत वाढलाय. नातेवाईक म्हणतात, ब्लेड लागलं की पसरतं. पार्लरवाले लेझरने दहा मिनिटांत घालवतो म्हणतात.
लेझर अजिबात नको. ब्लेड लागल्याने कॅन्सर पसरतो, हे ऐकून-ऐकून माझे कान किटले आहेत. याच भीतीने माणसं महिनोन्‌महिने घरी बसतात, आणि डाग तेवढ्यात खोल जातो. मेलॅनोमा, म्हणजे त्वचेतल्या रंगपेशींचा कॅन्सर, आपल्याकडे कमी दिसतो, पण सावळ्या त्वचेत तो होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखालीच. लेझरने डाग जळतो आणि तपासायचा तुकडाही जळतो. तो किती मिलिमीटर खोल गेलाय, यावर पुढचे उपचार ठरतात. जळलेल्या कातडीवरून ते कसं कळणार?

त्वचारोगतज्ज्ञ आधी १० पटीच्या डर्मोस्कोपने, म्हणजे त्वचा तपासायच्या भिंगाने, पाहतील. तळपायावर बोटांच्या ठशासारख्या रेघा असतात. रंग खोबणीत असेल तर बहुधा साधा तीळ, उंचवट्यांवर असेल तर शंका. मग शक्य असेल तर १५ नंबरच्या ब्लेडने, भोवतीची दोनेक मिलिमीटर निरोगी त्वचा घेऊन, खाली चरबीपर्यंत तो अख्खा काढतात. कडेला दोऱ्याची खूण बांधून तुकडा फॉर्मॅलिनच्या डबीत जातो. खुणेवरून पॅथॉलॉजिस्टला कळतं, कोणती बाजू कुठली. 'तपासायला पाठवणार ना?' हे तोंडाने विचारा. वडिलांना याच आठवड्यात दाखवा.

रक्त पातळ करणारी गोळी तीळ काढण्याआधी बंद करू का?
स्वतःहून नाही. ज्यांनी ती सुरू केली, त्या डॉक्टरांना विचारा.