तळटीपेतला प्रश्न

प्रश्न : ‘प्रबोधन म्हणजे काय?’ हा जर्मन तत्त्वज्ञ कांटचा निबंध मुळात कोणत्या मासिकात आला आणि तो प्रश्न विचारला कोणी? आमच्या वाचक मंडळात यावरून वाद झाला. – एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : ते मासिक ‘बर्लिनिशे मोनाट्सश्रिफ्ट’, म्हणजे साधे ‘बर्लिनचे मासिक’. शाळेचे मुख्याध्यापक गेडिके आणि ग्रंथप्रेमी बीस्टर यांनी ते १७८३ मध्ये सुरू केले. विवाहाला धर्मसंस्थेची मान्यता हवीच कशाला, असा लेख त्यात छापून आला, तेव्हा त्सोल्नर या धर्मोपदेशकाने डिसेंबर १७८३ च्या अंकात त्याचा प्रतिवाद केला आणि तळटीपेत चिडून विचारले, की लोकांचे प्रबोधन करायला निघण्याआधी प्रबोधन म्हणजे काय, हे कोणी सांगेल का? मुख्य लेख आज कोणी वाचत नाही, तळटीप मात्र अजरामर झाली. (आपल्याकडेही वादाचे मूळ पुष्कळदा तळटिपेतच सापडते.) बर्लिनचा तत्त्वज्ञ मोझेस मेंडेल्सझोन याचे उत्तर सप्टेंबर १७८४ मध्ये, तर कांटचे डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झाले. दूर क्योनिग्सबर्गला राहणाऱ्या कांटने शेवटच्या टिपेत प्रांजळपणे लिहिले, की मेंडेल्सझोनचा लेख अजून आपल्या हाती पडलेला नाही, नाहीतर आपण हा निबंध मागे ठेवला असता.

पुढे राजा बदलला, १७८८ मध्ये प्रशियात (बर्लिन ही त्या राज्याची राजधानी) सेन्सॉरशिप कडक झाली, आणि १७९२ मध्ये कांटच्याच एका धर्मविषयक लेखाला परवानगी नाकारण्यात आली. गेडिके आधीच बाजूला झाले होते. बीस्टरनी छपाई प्रशियाबाहेर नेऊन मासिक १७९६ पर्यंत चालवले.