ऐकण्याच्या चाचण्यांतून अवधान मोजताना

प्रकल्पासाठी तुम्ही अवधान हा विषय निवडलात, याचा मनापासून आनंद झाला. सुरुवातीला एकच गोष्ट पक्की करा: नेमके कोणते अवधान मोजायचे आहे? संथपणे, कमी-अधिक अंतराने वाजणारे एकसारखे स्वर मनात मोजायला लावले, तर टिकून राहणारे अवधान कळते. हे काम कंटाळवाणे असते म्हणूनच उपयोगी ठरते, त्यामुळे ते रंजक करण्याचा मोह टाळा. त्याच मालिकेत उंच स्वर मिसळून फक्त खालचे मोजायला सांगितले, की निवडक अवधानाची परीक्षा होते. दोन कानांत दोन वेगळी निवेदने ऐकवून एकच मोठ्याने म्हणायला लावण्याची, कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये मांडलेली पद्धत तूर्त बाजूला ठेवा.

नवख्यांच्या हातून हमखास होणाऱ्या चुका अशा:

- दोन्ही कानांनी नीट ऐकू येते का, उंच-खालचा स्वर वेगळा ओळखता येतो का, हे आधी न तपासणे. ही चूक सर्वांत महागात पडते.
- बोटांवर मोजू देणे.
- ऐकलेल्या आकड्यांची बेरीज करायला लावून कमी गुणांचा दोष थेट अवधानाला देणे. तिथे गणिताचाही वाटा असतो.

आधी ओळखीच्या दोघाचौघांची चाचणी घ्या आणि सूचना नीट समजल्या का, हे त्यांना आवर्जून विचारा.